फ्रिज कोणी शाकारत नाही

रघुजीअण्णांचा फोमवर जेवढा विश्वास, तेवढा देवावरही नसावा. कानडी मुलखातल्या बोम्मसंद्र्याच्या फ्रिजच्या कारखान्यात उभा जन्म त्यांनी दारांच्या पोटात फोम भरला. निवृत्त झाले तरी हात शिवशिवायचे. समाजमंदिराच्या दुरुस्तीचं निघालं, तेव्हा छताचं काम अण्णांनी मागूनच घेतलं.

खरं कारण होतं नात. श्वेताचा साखरपुडा एप्रिलात, आणि तिने साफ सांगितलं होतं, "आजोबा, त्या कौलांखाली मेकअप टिकत नाही. कोरमंगल्यात एसी हॉल बघू."

अण्णांचं, त्यांच्या बापाचं, आज्याचं लग्न ज्या छताखाली लागलं ते सोडून भाड्याचा हॉल? अण्णा म्हणाले, "गार करून देतो. मग तर येशील?"

"मग येईन."

झालं. कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांकडून यंत्र आणलं, तोंडाला मास्क चढवले आणि व्यासपीठावरच्या कोपऱ्यात, नमुना म्हणून, थेट कौलांच्या पोटाला फोम मारला. पिवळट फेस बघता बघता पावासारखा फुगला आणि कडक झाला. दुपारी तिथे उभं राहिलं की फरक कळायचा. अण्णा येईल-जाईल त्याला उभा करायचे. "गार आहे ना? सरी, पटलं ना? आता उन्हात जा."

आठवड्याने शेजारच्या झाडाचा नारळ नेमका त्याच कोपऱ्यावर पडला. एक कौल फुटलं. अण्णा शिडी लावून चढले, तर फुटकं कौल सुटेना. जोर लावला तशी शेजारची तीन त्याच्याबरोबर उचकटून आली, खाली फोमची लादी लोंबकळत.

शिडी धरून गोजराबाई उभ्या होत्या. अण्णांची बायको.

"काय झालं हो?"

"चिकटलंय."

"चिकटणारच. घरजावई आणलाय तुम्ही, आता हलतोय कसला."

"स्वल्प गप्प बस."

"गप्प का बसू? दरसाल पावसाआधी शाकारणी असते इथे. अख्खा समाज जमतो, कौलं उतरवून, झाडून हातोहात परत वर जातात, ज्याच्या हातून फुटेल तो सगळ्यांना कापी पाजतो. तुम्ही काय कमी फोडलीत? फ्रिज कोणी शाकारत नाही. हे छप्पर शाकारावं लागतं."

बायको बरोबर बोलली की अण्णांना आधी राग यायचा आणि मग भूक लागायची. ते उतरले, जेवले, आणि हात धुऊन उठले ते खरवडणी घेऊनच. घातलेला फोम त्यांनी स्वतःच्या हाताने काढला.

मग वाशांच्या मधे, कौलांपासून वीतभर खाली, सिमेंटचे पातळ पत्रे बसवले. फोम मारला तो पत्र्यांना, खालून. त्यावर आग न धरणारा पांढरा लेप. कौलं सुटीच्या सुटी राहिली. काम मात्र लांबलं. श्वेता रोज विचारायची, कोरमंगल्याचा हॉलवाला रोज फोन करायचा, आणि अण्णा दोघांना एकच उत्तर द्यायचे, "होतंय."

साखरपुडा समाजमंदिरातच झाला. उकाडा अगदीच नव्हता असं नाही, पण अण्णांसमोर तसं म्हणायची टाप कुणाची? श्वेताने आरशात पाहिलं, गालावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "टिकलाय, आजोबा."

मे महिन्यात शाकारणी. होणारा नातजावई शंतनु, पुण्याचा, जन्मात कौल न धरलेला, रांगेत मधोमध उभा. तिसरं कौल हातातून सुटलं आणि फरशीवर त्याचे तुकडे झाले. बिचारा पांढराफटक पडला.

छतावरून अण्णांनी वाकून पाहिलं.

"शंतनुराव," ते म्हणाले, "माझ्या कापीत साखर कमी."