बारदान वजा जाता

माणसाने उभारलेल्या न्यायव्यवस्थांमध्ये व्यावसायिक बॉक्सिंगचे वजनगट सर्वांत निर्मळ, असे मी बरीच वर्षे मानत आलो. गाव, घराणे, ओळख काही चालत नाही. काटा सांगेल तो गट. फक्त वजन लढतीच्या आदल्या दिवशी होते आणि काट्यावरून उतरल्या उतरल्या खेळाडू पाणी, भात, केळी, हाताला लागेल ते पोटात ढकलतात. एकसष्ट किलोच्या गटातला खेळाडू एकसष्ट किलोचा फार तर दहा मिनिटे असतो.

हे ज्ञान मला भाचीमुळे झाले. ती या गटात लढते. मर्यादा एकसष्ट किलो दोनशे ग्रॅम. दोन वर्षे वाट पाहून तिला शिर्डीतली लढत मिळाली होती आणि वजन हुकले तर ती लढत हातची जाणार होती.

दाजींची शेवगावच्या बाजारात धान्याची आडत आहे. घरगुती काट्यांना ते खेळणी म्हणतात. म्हणून भाचीचे वजन रोज सकाळी आडतीवरच्या मोठ्या काट्यावर होई. आकडे मापाड्याच्या बाजूला. तो तुरीचे पोते पुकारावे तसा पुकारी, "त्रेसष्ट!" पुढच्या आठवड्यात "बासष्ट!" निघायच्या सकाळी "एकसष्ट!" झाले तेव्हा हमालांनी टाळ्या वाजवल्या. त्या काट्यावर वजन कमी भरल्याचा आनंद बहुधा प्रथमच झाला असावा.

मी माझ्या सावेडीच्या घरून थेट शिर्डीला पोचलो. दाजी मापाड्यालाही घेऊन आले होते. वजन हॉटेलच्या लग्नाच्या हॉलमध्ये होते. भाची काट्यावर चढली. एकसष्ट किलो आठशे.

"मशीन खराब हाय," दाजी म्हणाले.

मापाडी शांतपणे म्हणाला, "मशीन बरोबर हाय, मालक. मी किलोभर कापून सांगत हुतो."

"कापून? कशाचं?"

"कपड्याचं. पोतं काय न् मानूस काय, बारदानाचं कापावंच लागतं."

"अहो, हाफपँट न् बनियन किलोभर असतं व्हय?"

"पोतं तरी कुठं असतं?" मापाडी म्हणाला.

शेतकरी पिढ्यान् पिढ्या हेच ओरडत आले आहेत. दाजींना ते प्रथमच ऐकू आले.

नियमाने वजन उतरवायला दोन तास मिळाले. भाचीने दोन स्वेटर चढवले, वर दाजींचे जर्किन, आणि भर दुपारी फुलांच्या अन् पेढ्यांच्या दुकानांसमोरून पळत सुटली. मी मागून रिक्षात.

"नवस हाय का, ताई?" एका फुलवालीने विचारले.

"व्हय, सहाशे ग्रॅमचा," भाची धापा टाकत म्हणाली.

"मग पायात चप्पल कशाला?"

भाचीने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती प्रतिस्पर्ध्यासाठी राखून ठेवायला हवी होती.

दोन तासांना सात मिनिटे कमी असताना ती पुन्हा काट्यावर चढली. ओठ पांढरे पडले होते. एकसष्ट किलो एकशे ऐंशी. दाजींच्या डोळ्यांत पाणी आले. भाचीला तेही परवडले नसते.

मग समोरची मुलगी चढली. बासष्ट किलो चारशे. तिच्या प्रशिक्षकाने सांगितले की ती आता पळणार नाही. दोन्ही बाजूंनी 'वजन जास्त असले तरी चालेल' अशा एका कागदावर सह्या केल्या आणि लढत दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे झाली.