डिकीतला तळहाताएवढा निळा

माझ्या थोरल्या भावाला सगळे 'ओरिजिनल' म्हणतात. कौतुकाने म्हणतात, असा त्याचा समज आहे. जुनी गाडी कंपनीतून निघाली तेव्हाचा रंग तिला परत चढवायचा, हे त्याचं काम. सीटा शिवणं माझं. तीस वर्षं एकाच शेडमध्ये आहोत, तो त्या टोकाला नि मी या टोकाला, आणि दिवसभर आमचं तू-तू मैं-मैं.

गाडी आली की दादा दाराच्या बिजागरीमागे पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा घासतो. एकाखाली एक रंग उघडे पडतात. सगळ्यात खालचा तो खरा, वरचे सगळे त्याच्या मते 'लोकांचे चाळे'. पण त्याची एक रीत मला आवडायची. डिकीच्या झाकणाला आतून तळहाताएवढा जुना रंग तो तसाच ठेवायचा. "गाडी आली कशी, त्याची साक्ष नको का?" म्हणायचा.

मागच्या वर्षी एक दातांचे डॉक्टर वडिलांची गाडी घेऊन आले. वडील गेलेले. त्यांनी घरातल्या उरल्यासुरल्या डब्यांतले रंग एकत्र करून गाडी स्वतः ब्रशने निळी फासली होती. ब्रशचे केससुद्धा रंगात चिकटलेले! दादाने कपाळाला हात लावला.

"बाबांनी पार वाट लावली हो," डॉक्टर म्हणाले. "मला जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत उतरवायचीय. शंभर टक्के ओरिजिनल करा. आईलाही बरं वाटेल. तिला आता काही आठवत नाही, आम्हालाही ओळखत नाही. रोज संध्याकाळी या गाडीत जाऊन बसते, तेवढाच वेळ शांत असते."

ते गेल्यावर मी म्हटलं, "दादा, ती माउली त्या निळ्यात बसते. राहू दे की!"

"तू तुझा सुईदोरा बघ. आवड माणसाबरोबर गेली. रंग गाडीचा असतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी सीट शिवायला बसले. तेव्हा भांडायला हवं होतं मी.

खाली मलईचा रंग निघाला. दादाने पत्रा उघडा पडेपर्यंत गाडी घासली. फक्त डिकीतला निळा तेवढा राहिला. डॉक्टरांनी फोन केला, परीक्षक डिकीही उघडून बघतात म्हणून. दादा पेपर हातात धरून बराच वेळ तिथे उभा होता. मग घासला त्याने तोही. आयुष्यात पहिल्यांदा.

मलई रंग चढला, स्पर्धेत पहिला नंबर आला. आठवड्याने डॉक्टर शेडमध्ये आले ते रडवेले होऊन. आई त्या गाडीत पाऊल टाकत नव्हती. दिवसभर फाटकात उभी राहून "आमची गाडी कुठंय?" विचारायची, जेवायलाही आत यायची नाही.

"काका, परत निळी करा. हात जोडतो."

नखाएवढा पापुद्रा दिला तर दादा हुबेहूब रंग बनवतो. पण पापुद्रा होता कुठे? फोटो होते, तेही विटलेले. त्याने पत्र्याच्या तुकड्यांवर एकेक निळा बनवायला घेतला. हातातलं सगळं काम बाजूला टाकलं. डॉक्टर आईला घेऊन यायचे, दादा तुकडा पुढे धरायचा. ती 'नाही' म्हणून मान हलवायची. एकेचाळीस तुकडे झाले. इतका लाचार झालेला माझा भाऊ मी कधी पाहिला नव्हता. चिडवायला म्हणून जायचे नि त्याला पत्र्याचे तुकडे कापून देऊन परत यायचे.

एकेचाळीसावाही तिने नाकारला, त्या दिवशी तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. "आई, चुकलो मी. मला नाही जमत हो."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. "रंगारी का तुम्ही? मग थांबा जरा. आमच्या ह्यांनी घरीच रंग दिलाय गाडीला, बघून जा. येतीलच ते घेऊन." मग परत रंगवायला शेडच्या दारात लावून ठेवलेल्या त्या मलई रंगाच्या गाडीकडे बोट दाखवलं. "ही कुणाची आहे? छान आहे हो. पण जरा पुढे घ्यायला सांगा. आमची उभी कुठे करायची?"

डॉक्टरांनी तोंड फिरवलं. दादा उठला, त्या गाडीत बसला आणि चार हात पुढे घेऊन तिने सांगितलेली जागा मोकळी केली.