खिडकीतून आलेली तार

आमच्या घरात इंटरनेटची तार खिडकीतून आली, याला कारण मी. जोडणीचा माणूस आला तेव्हा घराला रंग देऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते, आणि तो ड्रिल मशीन हातात घेऊन हॉलच्या भिंतीकडे बघत उभा होता. मी म्हटलं, "भिंतीला भोक पडणार नाही. दुसरी वाट शोधा." त्याने माझ्या सुनेकडे पाहिलं, सुनेने माझ्याकडे पाहिलं, आणि तार मुकाट्याने खिडकीच्या कोपऱ्यातून आत आली. तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. वर्गात एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची वेळ माझ्यावर क्वचितच आली. घरातही तसंच होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

सून पुण्याच्या एका कंपनीत काम करते, पण गारखेड्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून. मुलगा वाळूजला कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत असतात. नात साडेतीन वर्षांची, बालवाडीतून आली की दप्तर न काढताच माझ्या मांडीवर. असं सगळं छान चाललेलं असताना उन्हाळ्यात इंटरनेटने अंगात आल्यासारखं करायला सुरुवात केली. रोज नाही. सात-आठ दिवस अगदी सुरळीत, आणि मग एखाद्या दिवशी ऐन मीटिंगमध्ये गायब. पाच मिनिटांनी येई, परत जाई. तिच्या साहेबांनी दोनदा समजावून सांगितलं आणि तिसऱ्यांदा सरळ बजावलं, की यापुढे महत्त्वाच्या मीटिंगमधून बाहेर पडलात, तर घरून काम बंद. पुण्याला येऊन ऑफिसात बसा.

म्हणजे सून पुण्याला, आणि तिच्याबरोबर नात. मुलगा पाळ्यांमध्ये अडकलेला, आणि मी रिकाम्या घरात. मला कोणी विचारलं नव्हतं, पण हे मला चालणार नव्हतं.

मग मी कंबर कसली. तो पांढरा डबा, ज्यात मोडेम आणि राऊटर दोन्ही असतात आणि जो बाहेरची लाईन घेऊन घरभर वायफाय सोडतो, तो आधी फ्रिजवर होता. तो मी शोकेसमध्ये ठेवला. तिथे स्टीलची भांडी मधे येतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून खिडकीजवळच्या स्टुलावर आणला. बंद करून चालू केला. मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून पार कोरा केला, तेव्हा सुनेचं अर्ध्या दिवसाचं काम बुडालं आणि तिने मला एक शब्दही ऐकवला नाही. कंपनीला फोन केला की तिकडून गोड आवाजात उत्तर यायचं, "मॅडम, इथून तुमची लाईन व्यवस्थित दिसतेय." मी म्हणायची, "तुम्हाला तिथून दिसतेय, आम्हाला इथून दिसत नाही!"

एवढ्यावर थांबेन तर मी कसली. समोरच्या घरात मूळचे पाचोडचे एक गृहस्थ राहतात, शेती गावाकडे आणि नोकरी इथं. मागे एकदा त्यांनी आमच्या वायफायचा पासवर्ड मागितला होता. मी गेटवर जाऊन त्यांना विचारलं, आमचं नेट तुम्ही ओढता का म्हणून. ते बिचारे दाढी करत होते. तोंडाला फेस तसाच ठेवून म्हणाले, "काकू, माझं मला नेट हाय की. तुमचं कशाला घिऊ?" माझा विश्वास बसला नाही. मी पासवर्ड बदलला आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

शेवटी कंपनीचा माणूस आला. त्या दिवशी अर्थातच सगळं ठणठणीत होतं. त्याने डबाच बदलून नवा दिला आणि जाताना मला समजावलं, "काकू, ही हिरवी बत्ती आहे तोवर लाईन येतेय. लाल लागली तर समझो तारेत घोळ आहे, डब्यात नाही. और ये तार अंदर से काच की है. मुडली की उजेड अडतो, लाईन गेली." मी म्हटलं, "अहो, पण मोडतंय कोण तिला?" आणि त्याला चहा दिला.

सुनेच्या एका मोठ्या मीटिंगचा दिवस गुरुवार ठरला. सकाळी अकराला, तासाभराची. सून स्वतः सगळं मांडून दाखवणार होती आणि साहेब ऐकायला बसणार होते. पाण्याची पाळी शुक्रवारी होती, म्हणजे त्या तासात घरात धावपळ नाही, म्हणून मी निर्धास्त होते. आमच्याकडे पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. पाण्याच्या तारखांना मी कॅलेंडरवर लाल गोल करते आणि ते भरणं हे माझं काम. गेटजवळच्या नळाला मोटार लावायची, हिरवा जाड पाईप हॉलच्या खिडकीतून आत घ्यायचा, आधी स्वयंपाकघरातली पिंपं आणि मग गच्चीवरची टाकी. सून मदतीला आली तरी मी हात लावू द्यायची नाही. तिला पीळ न पडू देता पाईप ओढता येत नाही असं माझं मत होतं, आणि ते मी तिला सांगितलेलंही होतं.

गुरुवारी सव्वाअकराला गल्लीत आरडाओरडा झाला. पाणी एक दिवस आधीच आलं होतं. गच्चीवरची टाकी खडखडीत. मी धावत जाऊन मोटार सुरू केली, पाईप खिडकीतून आत ओढला आणि पिंपात सोडायला निघाले. जाता जाता स्टुलावर नजर गेली. लाल दिवा. आतून सुनेचा आवाज आला, "हॅलो? सर, ऐकू येतंय का? हॅलो?"

मी वळून पाहिलं. समोर खिडकीची चौकट होती. पाण्याने टणक झालेला पाईप चौकटीच्या कडेवर बसला होता, आणि त्याच्याखाली ती बारीक काळी तार काटकोनात वाकून दबली होती.

उन्हाळाभर मीच तिला दाबत होते. दर लाल गोलाला.

मी पाईप हिसकून खिडकीबाहेर फेकला. दिवा लालच. इतक्यांदा दुमडून तारेला तिथं घडीच पडली होती. मी ती दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू सरळ केली. दिवा मिणमिणायला लागला. मनात आकडे मोजत राहिले, जशी पोरांकडून पाढे म्हणून घ्यायची तशी. चाळीसच्या पुढे गेल्यावर हिरवा झाला. जरा वेळाने आतून आवाज आला, "सॉरी सर, पुढची स्लाईड..." मी एक हात सोडून पाहिला. दिवा लगेच लुकलुकला. परत धरला.

मग मी तशीच उभी राहिले. हलायची सोय नव्हती. बाहेर मोटार चालूच, तिचं बटण गेटजवळ, आणि पाईप अंगणात फेकलेला. आठ दिवसांनी आलेलं पाणी कुंड्यांवरून, पायरीवरून, गेटखालून रस्त्यावर चाललं होतं. समोरचे गृहस्थ ओरडले, "अवो काकू! लई पाणी वाया चाललंय की!" ओरडायची सोय मलाही नव्हती. मी मान जोरजोरात हलवली, डोळे मोठे केले, ओठांवर बोट ठेवावं तर हात मोकळा नाही. ते गेट उघडून आत आले, खिडकीत तार धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांनी पाहिलं, पाईपाकडे पाहिलं, आणि पाईप उचलून सरळ आपल्या हौदात सोडला. माझ्या मोटारीने, माझ्या डोळ्यांदेखत, माझं पाणी त्यांच्या हौदात पडत होतं आणि मी ब्रही काढू शकत नव्हते. पुढचे आठ दिवस आम्ही त्याच हौदातून पाणी आणलं, तेही त्यांनीच बोलावून. त्यांची मी माफी मागितली, पण ते नंतर.

दंड भरून आले. बोटं बधिर झाली. आतला एकेक शब्द मला ऐकू येत होता आणि त्यातलं काही कळत नव्हतं, फक्त ती थांबत नव्हती एवढं कळत होतं. थांबू नको गं, असं मी मनात म्हणत होते. नातीची छोटी चप्पल दाराशी उलटी पडली होती, तिच्याकडे बघत राहिले.

बाराला पाच कमी असताना खोलीचं दार उघडलं. सून घामेजलेली, पण चेहरा फुललेला. "झालं, आई! सुरुवातीला एकदाच गेलं, साहेबांनी सांभाळून घेतलं. छान झालं म्हणाले. इथूनच काम करा म्हणाले." मग तिने माझे हात पाहिले. "हे काय?"

मी सांगितलं. पाईप, तार, घडी, सगळं. "माझ्यामुळेच जात होतं," असंही म्हटलं. वाटलं, आता ही चकित होईल, किंवा चिडेल. चिडायचा तिला हक्कच होता.

ती चकित झाली नाही. खाली बघत म्हणाली, "आई, मला वाटलंच होतं. नेट गेल्याच्या तारखा मी लिहून ठेवायचे. त्या तुमच्या कॅलेंडरवरच्या लाल गोलांशी जुळत होत्या. का जातं ते कळत नव्हतं, पण पाण्याशी काहीतरी आहे, एवढं दिसत होतं."

"कधीपासून?"

"महिना झाला असेल."

"मग बोलली का नाहीस? पुण्याला जायची वेळ आली होती तुझ्यावर!"

हे मी पुन्हा वरच्या पट्टीत म्हणाले. ती एक पाऊल मागे सरकली. इतक्या वर्षांत ती अशी किती वेळा सरकली असेल, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"दोनदा स्वयंपाकघरापर्यंत आले होते," ती म्हणाली. "पण तुम्ही चिडाल असं वाटलं."

गणित इतकं सोपं होतं की पाचवीतल्या पोरानेही सोडवलं असतं. एका बाजूला घरून करायची नोकरी आणि भरलं घर, दुसऱ्या बाजूला माझा राग. तिने तोलून पाहिलं होतं आणि माझा राग जड भरला होता. मला रडू आलं, आणि तार हातात असल्यामुळे डोळेही पुसता येईनात. तिनेच पदराने पुसले माझे डोळे, माझ्याच पदराने.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा तो माणूस नवी तार घेऊन आला. मी म्हटलं, "खिडकीतून नको. भिंतीतून आत घ्या."

त्याने ड्रिल मशीन काढलं आणि जरा बिचकतच माझ्याकडे पाहिलं. "काकू, भोक कुठं पाडू?"

"मला नका विचारू," मी म्हणाले. "तिला विचारा."