हात खाली

दुपारची भांडी घासून झालीयत, कौसल्याबाई दिवाणावर आडव्या झाल्यात. डोळा लागतोय न लागतोय, तोच शेजारी बसलेली नात आर्वी फोनवर मैत्रिणीला सांगते, "अगं, आपण हँड्स डाउन जिंकणार!"

झालं. बाईंचं डोकं फिरतं. "हात खाली करून कुणी जिंकत नसतं गं," त्या डोळे मिटूनच पुटपुटतात. "तुझ्या आजोबांना विचार."

विचारणार कुठून? तुळशीराम जॉकीला जाऊन वर्षं झाली. पण खोटं नाही सांगत, ते दिवाणाच्या पायथ्याशीच बसलेत की! अंगात पिवळा रेशमी सदरा, बुटांना मैदानातला चिखल.

"अहो, बूट! आत्ता फरशी पुसलीय!"

"चहा टाक ना, कौसे."

"आधी सांगा, त्या दिवशी हात का खाली केलेत?"

ते मिशीत हसतात. "अगं, ते इंग्रजी आमच्याच धंद्यातून उचललंय लोकांनी. घोडा इतका पुढं असतो, की रेटायला लागतच नाही. मग जॉकी लगाम सैल सोडतो, हात घोड्याच्या मानेवर टेकवतो नि शेवटचा खांब आरामात ओलांडतो. ते हँड्स डाउन."

"मला अर्थ नका शिकवू! तुम्ही खांबाच्या आधीच टेकवलेत. मागनं काळा घोडा आला नि निघून गेला. लोक म्हणाले, तुळशीरामनं रेस विकली. अख्ख्या घोरपडी गावाशी भांडले मी. अजून भांडते!"

तणतणत त्या चहा टाकायला आत जातात, तर आत रेशनची रांग. रांगेत तुळशीरामांची रेसची तांबडी घोडी, लेडी मोना, गुमान उभी आहे आणि बाईंच्या पदराचं टोक चघळतेय. जुनी खोड तिची.

"त्या दिवशी हिचा पाय दुखत होता ना?" बाई आशेनं विचारतात.

"छे! ठणठणीत होती."

"मग काय, पैसे खाल्लेत?"

ते असे बघतात, की बाई जीभ चावतात.

"मग का, हो?"

"तू पहिल्यांदाच रेस बघायला आली होतीस. नवी हिरवी साडी नेसून. म्हटलं, कळू दे हिला, आपला माणूस किती सहज जिंकतो." मग जरा लाजून, "झोकात दिसलो ना?"

रेशनची रांग उठून प्रेक्षकांच्या स्टँडात जाऊन बसते. त्या रेसच्या वेळी बाई बाकाखाली वाकल्या होत्या. चपलेचा अंगठा तुटला होता. मान वर केली, तोवर सगळं संपलेलं. 'मी डोळ्यांनी पाहिलंय' म्हणून गावभर भांडणाऱ्या बाईंनी काहीच पाहिलं नव्हतं!

"परत पळवा," त्या म्हणतात.

"आँ?"

"परत पळवा म्हणते ना! नि हात वर ठेवा. कळलं?"

"बरं, बरं."

मोना वळणावरून सुटते. पिवळा सदरा पुढं, बाकी सगळे धुरळ्यात. बाईंनी आधीच चपला काढून हातात घेतल्यात. खांब आलाच. तुळशीराम मान वळवतात, स्टँडात हिरवी साडी शोधतात. सापडते.

"हात! अहो, हात वर!"

हात अलगद खाली येतात. मानेवर टेकतात, एखाद्या राजासारखे. काळा घोडा येतो नि निघून जातो.

"मेलात तरी सुधारला नाहीत!"

"आजी, कुणावर ओरडतेस?" आर्वी त्यांना हलवतेय.

बाई धापा टाकत उठून बसतात. "आता लोकांना सांगू काय? बायकोसमोर मिरवायला रेस घालवली म्हणून? त्यापेक्षा विकली म्हटलेलं परवडलं!"

"काय बोलतेयस? आणि हे पदराला काय झालं?"

पदराचं टोक ओलंचिंब. चघळून चघळून बोळा झालेला, त्यावर हिरवट फेस, फेसात गवताची काडी.

"शी! दे, धुऊन टाकते."

"हात नको लावूस." बाई तो बोळा तसाच कमरेला खोचतात. रागानं त्यांचं नाक अजून लाल आहे. "फार झोकात दिसले गं."