एका पानात मावलेला घाट

नियम खोडला की मागे किस्सा उरतो. दीड वर्षात आमच्याकडे इतके नियम खोडले गेले, की आता नियम एक पान आणि किस्से पोतंभर अशी गत आहे. मुद्दाम कुणी जमवले नाहीत. कागद रद्दीत जातो, पण त्या कागदावरून झालेलं भांडण कुठल्या रद्दीत घालणार?

आधी आम्ही कोण ते सांगते. धायरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर लिमये काका राहतात, कोर्टातून रिटायर झालेले. तिसऱ्या मजल्यावर निरंजनदादा, सॉफ्टवेअरवाले, एकटेच. त्यांच्या शेजारी मंगेश, अमरावतीकडचा, कंपनीत मशीनवर असतो. या तिघांच्या पोळ्या मी करते. मी रूपाली, दुसऱ्या मजल्यावरची. मला अडीच वर्षांची मुलगी आहे, पिहू.

निरंजनदादा स्वतःचा एक खेळ बनवतायत. नाव 'घाट'. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी वैद्य, कुणी चोर, कुणी बैलवाला. सगळ्यांनी मिळून घाट उतरायचा. आपण काय करणार ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. ऐकायला सोपं आहे. ऐकायलाच!

*

मी यात आले ती पोळ्यांचा डबा द्यायला. काकांच्या हॉलमध्ये हे तिघं बसलेले, चौथा माणूस नियम वाचून पळून गेलेला.

निरंजनदादांनी विचारलं, "ताई, शिक्षण किती झालंय?"

मी मान खाली घालून म्हटलं, "सातवी."

"उत्तम!"

माझ्या सातवीला आजवर कुणी उत्तम म्हटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल. अपमान होता की कौतुक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बासष्ट पानं हातात दिली. पोळ्यांच्या मधल्या वेळात चार दिवसांत वाचली. पुढच्या रविवारी विचारलं, "दादा, पान बारावर जो माणूस मरतो, तो पान चाळीसवर फासा कसा टाकतो?"

निरंजनदादांनी पान बारा उघडलं. मग चाळीस. मग लॅपटॉप बंद केला.

काका म्हणाले, "चला. सातवीने एम. टेक.ला नापास केलं."

*

मंगेशला नियम पाळायची फार हौस. लिहिलंय तेवढंच पाळतो, तीच पंचाईत.

नियम होता : जखमी माणूस एक रात्र झोपला की त्याची ताकद एकाने वाढते. किती रात्री झोपायचं, ते लिहिलंच नव्हतं. मंगेशचा बैलवाला घाटाच्या तोंडाशी झोपला तो चाळीस रात्री झोपला. उठला तेव्हा त्याची ताकद बैलापेक्षा जास्त!

"मंगेश, असं नाही चालणार."

"मले काऊन रागावता दादा? नियमात तं असंच लिहून आहे."

दादांनी नियम बदलला. जिथे धोका आहे अशाच ठिकाणी झोपून ताकद वाढेल. म्हणजे कुणी उगाच झोपणार नाही.

पुढच्या रविवारी मंगेशच्या बैलवाल्याने निघतानाच एका डब्यात विंचू घेतला. रोज रात्री डबा उशाशी, आणि हा गाढ झोपलेला.

"हे काय?" दादांनी विचारलं.

"धोका," मंगेश म्हणाला.

*

मग एक रविवार आला. निरंजनदादा चहा न घेता बसले. म्हणाले, "दीड वर्ष झालं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत नियम एका पानावर बसले पाहिजेत. ते पान खेळ न पाहिलेल्या माणसांना द्यायचं, आपण एक अक्षर सांगायचं नाही, आणि त्यांनी खेळ शेवटपर्यंत नेऊन दाखवायचा. नाही जमलं तर सगळं रद्दीत. रविवार बंद."

काका "बरं" म्हणाले. मंगेश "बरं" म्हणाला. मीही म्हटलं. त्या संध्याकाळी माझी एकही पोळी फुगली नाही.

माझा नवरा कंपनीची बस चालवतो. आठवडाभर दमतो, म्हणून रविवारी दुपारी झोपतो. पिहूचा आवाज नको, म्हणून मी तिला घेऊन खाली येते. आठवडाभर मला लोक एवढंच विचारतात, "किती पोळ्या?" आणि "झाल्या का?" रविवारी चार ते सहा मात्र एक शिकलेला माणूस पेन उघडून विचारतो, "रूपालीताई, यात काही राहिलंय का?" दोन तास. ते गेले तर माझ्याकडे काय राहतं, हे मी मोजून पाहिलं. वेळ लागला नाही.

*

एका पानाच्या मार्गातली सगळ्यात मोठी धोंड मीच होते. मला काळजी करायची सवय आहे. गॅस बंद केला का, हे मी तीनदा बघते. पिहू झोपली की श्वास चालू आहे ना, हे नाकाशी बोट धरून बघते. तोच स्वभाव नियमांना लागला.

दादांनी मोठ्या आनंदाने वाचलं, "बंद दार उघडायला फासा टाका. दहाच्या वर पडला तर उघडलं." एक ओळ!

मी म्हटलं, "आणि नाही उघडलं तर परत टाकायचा का?"

दादांनी लिहिलं.

"परत परत टाकत राहिलं तर कधीतरी उघडणारच ना? मग टाकायचा कशाला?"

लिहिलं.

"आणि पलीकडून त्याच वेळी कुणी उघडत असेल तर?"

काकांना कोर्टाची आठवण झाली. त्यांनी पेन घेतलं आणि 'परंतु' घातला. मग 'तथापि'. मग 'वरील परंतुकास बाधा न येता'. सहा वाजता त्या एका ओळीचं दीड पान झालं होतं आणि कुणीही घरात शिरलं नव्हतं.

दादा डोकं धरून बसले. म्हणाले, "निदान हे दार तरी आता पक्कं झालं."

मंगेश म्हणाला, "मी तं मघाच भिंतीवरून गेलो. मांजर दिसलं तिकडं."

भिंतीचा नियमच नव्हता.

*

फासा हरवला तो दिवस मी विसरणार नाही. पिहू टेबलाखाली होती. वर आली तेव्हा फासा नाही, आणि हिचं तोंड चालू!

मी तिच्या तोंडात बोट घातलं, ती चावली. मंगेशने रिक्षा आणली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, "काही दिसत नाहीये."

मी म्हटलं, "दिसत नाहीये म्हणजे नाहीये, की आहे पण दिसत नाहीये? प्लॅस्टिक फोटोत येतं का? आणि आडवा अडकला असेल तर? वीस बाजू आहेत, आडवी कुठली समजायची?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ताई, तुम्ही काय करता?"

तोंडातून निघून गेलं, "नियम तपासते."

तेवढ्यात काकांचा फोन आला. फासा त्यांच्या चपलेत सापडला होता. पिहू खात होती ती माझ्याच पिशवीतली खारीक! मी तिथेच बाकावर बसून रडले. मग निरंजनदादांनी काकांच्या हातून फोन घेतला. मला वाटलं, पिहू कशी आहे विचारतील.

"ताई, तो आकडा धरायचा का? चपलेत पडलेला?"

मी फोन कापला.

*

मे महिना अर्धा संपला आणि पान होईना. तेव्हा मी एक गोष्ट ठरवली. गप्प बसायचं.

तीन रविवार मी काही विचारलं नाही. दादा वाचायचे, माझ्याकडे बघायचे, मी म्हणायचे, "छान आहे." काकांनाही 'परंतु' घालायला निमित्त उरलं नाही. नियम भराभर आटले, कढईत पालेभाजी बसते तसे. तिसऱ्या रविवारी एक पान! दादांनी ते दोन्ही हातांत धरलं. दीड वर्षात त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि मला शेवटची ओळ दिसत होती. 'सगळे घाट उतरले की खेळ संपतो.'

एखादा उतरलाच नाही तर?

जीभ वळवळली. पण विचारलं असतं तर पान दीड पान झालं असतं, आणि शाळा आठ दिवसांवर आल्या होत्या. ज्या कामासाठी मला तिथे बसवलं होतं, तेवढं एकच काम मी केलं नाही. रात्रभर गॅस बघायला उठत होते.

*

परीक्षेला मंगेशच्या ओळखीच्या तीन मुली आल्या, कर्वेनगरच्या होस्टेलवरच्या. दादांनी त्यांच्यासमोर पान ठेवलं, फासा ठेवला, आणि आपण एक अक्षर बोलू नये म्हणून तोंडात सुपारी धरली. काका, मंगेश आणि मी भिंतीकडेने बसलो. पिहूला मी मांडीत दाबून धरलेलं.

पोरींनी नियम वाचले. एकीने गोष्ट सांगायला घेतली, दुसरी वैद्य झाली. तिसरी, सायली, चोर झाली. दार आलं, फासा टाकला, उघडलं. कुणी भांडलं नाही! पाऊण तासात त्या अर्धा घाट उतरल्या. दादांची सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात जात होती.

मधल्या वळणावर एक पडकी चौकी होती. सायली म्हणाली, "मी इथेच राहते."

"इथे?"

"हो. चोरी सोडली. इथे चहाची टपरी टाकते. येणारे-जाणारे येतील की!"

वैद्य म्हणाली, "अगं, पण सगळे उतरल्याशिवाय खेळ संपत नाही, इथे लिहिलंय."

"मग नको संपू दे."

मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं. आता रद्दी.

पण त्या हसल्याच. सायलीला खाली न्यायला वैद्याने टपरीला आग लावली. सायलीने दुसरी टाकली. वैद्य रुसून खाली गेली आणि चहाची सवय लागली म्हणून परत वर आली. पाच वाजले. सहा वाजले. काकांनी दिवा लावला. त्या तिघी इतक्या हसत होत्या, की वर माझा नवरा उठून खाली बघायला आला, आणि दारातच उभा, ऐकत राहिला.

साडेसातला होस्टेलचं गेट आठवलं. सायली पर्स उचलत म्हणाली, "काका, खेळ संपला नाहीये हं आमचा. पुढच्या रविवारी कितीला येऊ?"

काकांनी निरंजनदादांकडे पाहिलं. निरंजनदादांनी तोंडातल्या सुपारीकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "चारला. तोवर निकाल राखून ठेवला आहे."

पोरी गेल्या. दादांनी सुपारी कागदात काढून ठेवली. टेबलावरचं पान उचललं, वरून खालपर्यंत सावकाश वाचलं, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून माझ्यासमोर सरकवलं. पेनाचं टोपण काढलं.

"रूपालीताई, यात काही राहिलंय का?"

मी ओळ वाचली. परत वाचली. तिसऱ्यांदा वाचली.

"नाही," मी म्हटलं.

दादांनी टोपण लावलं.