पूजेच्या नारळाच्या दोन वाट्या

परतीच्या टेम्पोत एखादी चटई कमी पडली तरी चालतं, पण किस्सा कमी पडता कामा नये. आमच्या रोह्याच्या हौशी नाटक मंडळाला तो कधीच कमी पडला नाही, कारण आमच्या नाटकात सोफ्यापासून भिंतीपर्यंत सगळ्याला चाकं होती!

ही करामत भाऊंची. भाऊ दिवसा कंपनीत फिटर, शिफ्ट सुटली की आमचे दिग्दर्शक. दोघांनी ढकललं की दिवाणखान्याचं स्वयंपाकघर झालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. व्हायचंही! पण गावोगावचं स्टेज म्हणजे मांडलेल्या बाकांवर टाकलेल्या फळ्या आणि वर सतरंजी. उतार हमखास, तोही प्रेक्षकांकडे. मी विंगेत प्रॉम्प्टर. सगळं घरंगळणं माझ्या डोळ्यांदेखत झालंय, आणि तरी छाती फुगवून सांगतो, आमचा पडदा मध्येच कधी पाडावा लागला नाही.

*

खांब गावी मुलगी मागण्याचा प्रवेश चालू होता. सोफ्यावर मुलीचे वडील, समोर आमचा हिरो दिलीप. वडील ताठ मानेनं म्हणाले, "हे लग्न होणार नाही!" आणि सोफा त्यांना घेऊन हळूहळू दिलीपच्या दिशेनं निघाला.

दिलीपनं पायानं सोफा अडवला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मामा, तोंडानं नाय म्हणताय, पण सरकताय तर माझ्याच बाजूला!"

अशी टाळी पडली की पुढच्या प्रयोगापासून भाऊंनी ते वाक्य संहितेतच घातलं. फक्त सोफा सरकवायचा की नाही, यावर बरेच दिवस वाद चालला.

*

मग भाऊंनी चाकांना अडवायला पोती लावायची ठरवली. पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात वाळू मिळेना, म्हणून गावकऱ्यांनी प्रेमानं मिठाची पोती दिली. भिंत जागची हलली नाही. काम फत्ते!

तिसऱ्या अंकात नायिका खिडकीशी हुंदके देतेय, आणि खिडकीतून बकरीनं डोकं आत घातलं. मागे अख्खा कळप पोती चाटत होता.

नायिकेनं हुंदका न तोडता बकरीच्या गळ्यात हात टाकले. "तूच गो एक माझी!"

बकरी बिचारी शेवटपर्यंत थांबली.

*

खरा उपाय सापडला वरसे गावी. भाऊंनी स्टेजपूजेचा नारळ फोडला आणि हातातल्या दोन वाट्यांकडे बघत उभेच राहिले. मग खाली बसून सोफ्याच्या पुढच्या दोन्ही चाकांपुढे एकेक वाटी पालथी घातली. सतरंजीत कड अशी रुतली की सोफा तसूभर हलेना. तेव्हापासून आमचा नेम झाला, वस्तू तितके नारळ, आणि सगळे पूजेचेच!

आमच्याशी स्पर्धा करणाऱ्या एका मंडळानं मुंबईहून ब्रेकवाली चाकं आणली. ब्रेक लागला तो सुटेचना! त्यांच्या नायिकेला पलंगावर बसून भाकऱ्या थापाव्या लागल्या. नंतर त्यांचे दिग्दर्शक भाऊंना भेटले. म्हणाले, "तुमचा ब्रेक कुठल्या कंपनीचा?"

"कंपनीचं ठावं नाय," भाऊ म्हणाले, "पण प्रयोग झाल्यावर आम्ही त्याची चटणी करतो."

*

आता मालतीताईंचा. मालतीताई आमच्या अंगणवाडीच्या बाई, आणि असली नटी मी पुन्हा पाहिली नाही. त्यांचं माहेर खाडीकाठचं, घर मिठागरावर राबणारं. त्यांची आई कधी नाटकाला यायची नाही. म्हणायची, "खोटं खोटं रडायचं न् लोकांनी टाळ्या पिटायच्या, हा कसला गो धंदा?"

त्या वर्षी प्रयोग माहेरच्याच गावात लागला आणि आई चक्क पहिल्या रांगेत येऊन बसली. रंग लावताना मालतीताई मला म्हणाल्या, "बाकी कोणाला नाय पटलं तरी चालंल. आज आईला खरं वाटलं पायजे."

भूमिका पाय गेलेल्या म्हातारीची. सेटवर एक खिडकी आणि एक जुनी चाकाची खुर्ची, म्हणून नारळही एकच. तो फुटला, आणि गावाच्या रिवाजाप्रमाणे गुरवानं अर्धा देवाचा म्हणून देवळात नेला. देवाकडून परत कसा मागायचा? भाऊंनी एका चाकापुढे वाटी ठेवली, दुसऱ्यापुढे टॉवेल कोंबला.

मुलाचं काम दिलीपकडे. "आई, तुझं ओझं मला झेपत नाय," म्हणत तो विंगेत आला. इकडे टॉवेल निसटला. खुर्ची गर्रकन वळली आणि उताराला लागली.

"पाय टेका!" भाऊ विंगेतून कुजबुजले. तेवढं केलं असतं तरी खुर्ची जागीच थांबली असती. मालतीताईंचे पाय तसेच लोंबत राहिले. खुर्ची थेट कडेला आली.

पहिल्या रांगेतून आई झेपावली. मिठाच्या पाट्या उचललेल्या त्या हातांनी तिनं खुर्ची गच्च धरली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "पाय टेक गो!"

मालतीताईंनी नजरही हलवली नाही. ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "कुठले पाय?"

आई लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग खुर्ची न सोडता तिनं विंगेकडे मान वळवली आणि दिलीपवर ओरडली,

"मागं फिर, मेल्या! तिला पाय नायत, दिसत नाय तुला?"