पट्टी क्रमांक एकसष्ट

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार माणसं सात-आठ वर्षं दर रविवारी सकाळी एकाच टेबलाभोवती भांडत बसली की ते आपोआप साठतात. आमच्या गेमच्या ग्रुपचे किस्से मी सांगायला लागले की ऐकणारे पोट धरून हसतात. मला मात्र अजून राग येतो! आई म्हणायची, "एवढा त्रास होतो तर खेळता कशाला?" तिला मी कधी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाने एक काल्पनिक माणूस व्हायचं. कुणी सरदार, कुणी चोर, कुणी वैद्य. एकाने गोष्ट चालवायची आणि भांडण झालं की निवाडा द्यायचा. आमच्यात ती मी. गोष्टीत कुणी दरीवरून उडी मारली की फासे टाकायचे आणि पडलेल्या आकड्याचा अर्थ नियमांच्या पुस्तकात बघायचा. पुस्तक एकच असतं तर आज मी शांत स्वभावाची बाई म्हणून ओळखली गेले असते.

* * *

पुस्तकं आणायचा अजिंक्य. माझ्याच ऑफिसातला. वाय-टू-केच्या धामधुमीत तो पहिल्यांदा अमेरिकेला गेला. बाकीचे लोक येताना परफ्यूम आणि चॉकलेटं आणायचे, हा गेमचं मुख्य पुस्तक घेऊन आला. तिथवर ठीक होतं. पण पुढच्या प्रत्येक ट्रिपला तो एक पुरवणी आणायला लागला, आणि प्रत्येक पुरवणीत प्रकाशकाने आधीच्या पुस्तकातला एखादा नियम गुपचूप बदललेला असायचा!

एका रविवारी गोष्टीत गवताच्या गंजीला आग लागली. मी मुख्य पुस्तकातून नियम वाचला. अजिंक्य खुशाल चहा पीत म्हणाला, "अगं, तो बदलला."

"कुठे?"

"जहाजांच्या पुस्तकात."

"आगीचा नियम जहाजांच्या पुस्तकात?"

"बोटीला आग लागली तर म्हणून असेल."

"मग बोटीच्या आगीचा लिहा ना! माझ्या गंजीने काय घोडं मारलंय त्यांचं?"

त्याने शांतपणे पान काढून दाखवलं. तळाला, बारीक टायपात, एका ओळीत सगळ्या जगाची आग बदललेली होती. त्या दिवशी मी पुस्तक इतक्या जोरात मिटलं की खालच्या मजल्यावरचे काका वर आले.

* * *

मुख्य पुस्तक अमेरिकेतून येताना बॅगेत दाबून पाठीतून उसवलं होतं. अजिंक्यने ते मंडईजवळच्या एका बाइंडरकडे टाकलं. ते शब्बीरभाई. आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, तीन पिढ्यांचं बाइंडिंगचं दुकान. त्यांना हातातलं पुस्तक वाचल्याशिवाय बांधता येत नाही. प्रबंध, देवळाच्या ट्रस्टचे अहवाल, काहीही असो, आधी वाचायचं आणि मग शिवायचं.

अजिंक्य पुस्तक आणायला गेला तेव्हा त्यांनी विचारलं, "ही कुठली परीक्षा?"

"परीक्षा नाही, खेळ आहे."

"एवढे नियम असून खेळ? कुठे चालतो?"

पुढच्या रविवारी ते कर्वेनगरला आमच्या घरी हजर! नुसतं बघायला म्हणून आले आणि चार वर्षं खेळले. त्यांनी वठवलेला माणूस म्हणजे नारोपंत वैद्य. महाखवट म्हातारा. कितीही मोठा सरदार जखमी होऊन दारात आला तरी नारोपंतांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी पादत्राणं बाहेर काढा!" एकदा बाहेर लढाई चालू असताना त्यांनी एका घोडेस्वाराला हेच सांगितलं. बाण पाठीत घुसलेला तो बिचारा जोड्याचे बंद सोडत बसला. आम्ही हसून हसून फासे जमिनीवर सांडले.

नारोपंतांनी बऱ्या केलेल्या प्रत्येक रोग्याचं नाव शब्बीरभाईंनी एका वहीत लिहून ठेवलं होतं. वही अर्थातच स्वतः शिवलेली.

* * *

आमच्यातला चौथा मिलिंद. कॉलेजपासूनचा मित्र, सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. लोणी काळभोरहून दोन बस बदलून यायचा. चौदा एप्रिल रविवारी आला होता तेवढी एक वेळ सोडली तर त्याची गैरहजेरी नाही.

पुस्तकं नऊ झाली, नियम सगळीकडे विखुरले आणि मी दर रविवारी कुणावर तरी ओरडायला लागले, तेव्हा मिलिंदने तोडगा काढला.

"आमच्याकडे नियम बदलला म्हणून कुणी पुस्तक बदलत नाही. शुद्धिपत्रक येतं. त्याची पट्टी कापायची, जुन्या नियमाच्या शेजारी चिकटवायची, क्रमांक, तारीख, सही. वडिलांनी तीस वर्षं हेच केलं."

मी हरखलेच. मुख्य पुस्तकात पट्ट्या लावायच्या म्हणजे बाकीची उघडायलाच नकोत! काम माझ्याकडे घेतलं. मिलिंदने दोन गोष्टी बजावल्या.

"एक, डिंक फक्त एका कडेला. पट्टी उचलून खालचं वाचता आलं पाहिजे. दोन, पट्ट्यांचं रजिस्टर ठेव."

"पट्ट्या मी लावायच्या आणि वर त्यांची नोंदही मीच ठेवायची? मला नोकरी आहे, मिलिंद! रजिस्टर नको, माझ्या लक्षात असतं."

तो म्हणाला, "आमच्या साहेबांच्यापण लक्षात असतं," आणि पोहे खायला लागला.

* * *

मी दिल्लीला क्लायंटकडे गेले होते तेव्हा पाच-सहा पट्ट्या अजिंक्यने लावल्या. परत आल्यावर पुस्तक उघडलं, वर पंखा चालू होता, आणि दोन पट्ट्या माझ्या डोळ्यांदेखत उडून गॅलरीतून खाली गेल्या! याने डिंकाचं नुसतं बोट टेकवलं होतं. खाली जाऊन मी सोसायटीच्या बागेत कण्हेरीखाली वाकून नियम शोधले. वॉचमनने विचारलं, "काय पडलं, मॅडम?" काय सांगणार? पोहण्याचा नियम पडला?

त्या दिवसापासून मी जाहीर केलं की पट्टीला हात फक्त माझा. आणि कडेबिडेला नाही, डिंक पूर्ण पट्टीला, भरपूर. माझी पट्टी निघून दाखवावी कुणी!

* * *

मग प्रकाशकाने वेबसाइट काढली. आता दुरुस्त्या तिथेही यायला लागल्या. सायबर कॅफेत अर्धा तास रांगेत थांबून मी एक प्रिंटआउट काढला. त्यावर ठळक अक्षरांत होतं, "मागील दुरुस्ती रद्द. सुधारित नियमासाठी पान ४४ पाहा." कुठल्या पुस्तकाचं पान ४४, ते नाही! मी सगळ्या पुस्तकांचं पान ४४ काढलं. एकात घोड्यांच्या किमती होत्या, एकात नुसतं चित्र.

मी संतापून प्रकाशकाला पत्र लिहिलं. साधंसुधं नाही, रजिस्टर्ड. सगळे नियम एका जागी का देत नाही, असा सरळ सवाल. सात महिन्यांनी गुळगुळीत कागदावर उत्तर आलं. आपल्या आपुलकीबद्दल आभारी आहोत, आपल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या आगामी पुस्तकात मिळेल!

मिलिंदने ते पत्र मागून घेतलं. म्हणाला, "साहेबांना दाखवतो. आम्हाला अजून एवढं जमत नाही."

* * *

आता तो रविवार. हा किस्सा मी बरीच वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

गोष्टीत शत्रूचा सेनापती नारोपंतांकडे औषधाला आला. नारोपंतांनी त्यालाही जोडे बाहेर काढायला लावले. तो अपमान गिळून त्याने जाताना नारोपंतांच्या पाण्यात विष कालवलं. शब्बीरभाईंनी फासे टाकले. वाईट पडले. मी मुख्य पुस्तक उघडलं, विषाचा नियम वाचला. तत्काळ मृत्यू.

शब्बीरभाई म्हणाले, "अर्धा दिवस मिळतो. तेवढ्यात उतारा घेतला तर माणूस वाचतो. नियम बदललाय."

"कुठे?"

"काफिल्यांच्या पुस्तकात. बांधताना वाचलंय मी."

काफिल्यांचं पुस्तक अजिंक्यसोबत अमेरिकेला गेलं होतं आणि तिथे त्याने ते कुणाला तरी वाचायला देऊन घालवलं होतं. मी पान पुढे केलं. विषाच्या नियमाशेजारी एकच पट्टी होती, बासष्ट, आणि ती दारूच्या नशेबद्दल होती. मिलिंदने सगळं पुस्तक चाळलं.

"साठ आहे, बासष्ट आहे. एकसष्ट कुठंय?"

"अजिंक्यने लावली असेल. उडाली असेल!" मी म्हणाले. अजिंक्य सातासमुद्रापार असल्यामुळे हे फार सोयीचं होतं.

"मग एकसष्ट विषाचीच असणार," शब्बीरभाई म्हणाले. "माधवी, मी वाचलंय ते."

एव्हाना माझा आवाज चढला होता. वर्षानुवर्षांचा सगळा राग, जहाजांच्या पुस्तकाचा, पान ४४चा, कण्हेरीखाली वाकल्याचा, त्या एका सकाळी त्यांच्यावर निघाला.

"पट्टी दाखवा, शब्बीरभाई! पट्टी नाही म्हणजे नियम नाही!"

त्यांनी वही मिटली.

"नारोपंत मेले त्याचं काही नाही. खेळ आहे. पण चार वर्षं मी इथे बसतोय. मी खोटं बोलतोय असं वाटतं का तुला?"

एवढंच म्हणायचं होतं मला, नाही हो, तसं नाही. मी म्हणाले, "पट्टी."

ते उठले, आईला "येतो" म्हणाले आणि चपला घालून गेले. पुढचे अकरा महिने आले नाहीत.

* * *

त्या अकरा महिन्यांत, अजिंक्य परत आल्यावर, आम्ही खेळलो, पण त्यात राम नव्हता. गोष्टीत कुणी जखमी झालं की तिघंही रिकाम्या खुर्चीकडे बघायचो. मिलिंद दर रविवारी आल्या आल्या विचारायचा, "एकसष्ट सापडली?" आणि मी दर रविवारी त्याच्या अंगावर खेकसायचे. फोन करायला हात पुढे व्हायचा आणि मी तो मागे घ्यायचे. का करू? नियमाने वागले होते मी!

शेवटी मुख्य पुस्तकच फाटलं. नव्वदच्या वर पट्ट्या, त्यावर माझा डिंक. फुगून फुगून त्याची पाठ पुन्हा उसवली. दुसरीकडे द्यायला माझं मन होईना. मी ते मिलिंदच्या हाती मंडईला पाठवलं. निरोप दिला नाही.

तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं. नवी पाठ, नवं कापड आणि आत एक लाल फीत. असली फीत आम्ही सांगितली नव्हती. फीत होती त्या पानावर मी पुस्तक उघडलं.

विषाचं पान. बासष्ट क्रमांकाची पट्टी कुणीतरी पाण्याचा हात लावून, धीराने, न फाडता सुटी केली होती आणि मिलिंद सांगायचा तशी नुसत्या एका कडेवर पुन्हा बसवली होती. मी ती उचलली. खाली दुसरी पट्टी होती.

"६१. विषबाधा. उताऱ्यासाठी अर्धा दिवस मुदत." खाली सही. माझी. तारीख नारोपंत मेले त्याच्या चार महिने आधीची.

मिलिंद शेजारीच उभा होता. त्याने वाचलं आणि तारखेवर बोट ठेवलं. मला त्या पट्टीवरच्या सहीचा इतका राग आला, इतका कधी कुणाचा आला नव्हता. अजिंक्यचा नाही, प्रकाशकाचाही नाही.

मी एक कागद कापला आणि मिलिंदकडून मसुदा बरोबर आहे ना ते तपासून घेतलं. "९७. नारोपंत वैद्य यांचा मृत्यू रद्द. अंमल पूर्वलक्षी प्रभावाने. चूक माझी. माधवी." ती पट्टी मी चिकटवली नाही. मिलिंदच्या हाती मंडईला पाठवली.

रविवारी दहाला बेल वाजली. दारात शब्बीरभाई. एका हातात नारोपंतांची वही, दुसऱ्या हातात माझी पट्टी. आईला म्हणाले, "बऱ्या आहात ना?" आत आले, स्वतःच्या खुर्चीत बसले, पुस्तक ओढून घेतलं आणि माझी डिंकाची बाटली मागितली. पट्टीच्या एका कडेवरून बोट फिरवलं, ती जागेवर बसवली आणि उचलून बघितली. मग बाटलीचं झाकण लावत माझ्याकडे न बघता म्हणाले, "डिंक जरा कमी लावत जा."

मी गोष्ट सुरू केली. "नारोपंत, विष अंगात भिनतंय. अर्धा दिवस आहे तुमच्याकडे. आणि तुम्ही मेलात का ते बघायला सेनापती दारात आलाय, तलवार घेऊन. काय करता?"

शब्बीरभाईंनी फासे उचलले, दाराकडे मान वळवली आणि कडाडले,

"आधी पादत्राणं बाहेर काढा!"